पिल्लांची रक्ती हगवण

कुक्कुटपालनात नव्याने पडलेल्या माणसाचे पहिले दोन आठवडे बहुधा सुखाचे जातात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान मात्र एखाद्या सकाळी काही पिल्ले पंख सैल सोडून, पिसे फुलवून, एकमेकांना बिलगून बसलेली दिसतात. विष्ठेत रक्त आढळते आणि पिल्ले भराभर मरू लागतात. हीच रक्ती हगवण किंवा कॉक्सिडिओसिस होय.

आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे हा रोग होतो. त्याच्या अनेक जातींपैकी ‘टेनेला’ ही विशेष घातक आहे. ती आतड्याच्या दोन अंधनालांत वाढते व तेथील अस्तर फाडते. मेलेले पिल्लू उघडून पाहिल्यास हे अंधनाल रक्ताने फुगलेले आढळतात.

बाधित पिल्लाच्या विष्ठेतून परजीवीच्या जाड कवचाच्या सूक्ष्म अंडपुटी बाहेर पडतात. ताज्या असताना त्या निरुपद्रवी असतात. परंतु ऊब, हवा आणि ओलावा मिळाला की एक-दोन दिवसांत त्या संसर्गक्षम होतात. दुसरे पिल्लू त्या टिपते आणि सुमारे आठवड्याभरात एकेकीपासून हजारो नव्या निर्माण होतात. आरंभीचे थोडेसे बीज अशा दोन फेऱ्यांत अमाप होते. म्हणूनच रोग तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतो.

ऊब आणि हवा पिल्लांनाही हवीच. तोडता येतो तो फक्त ओलावा. नेहमीची जंतुनाशके अंडपुटींवर फारशी चालत नाहीत. तेव्हा कोरडी गादी हाच खरा प्रतिबंध. भाताच्या तुसाची गादी रोज हलवावी. पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस काढून तेथे कोरडे घालावे. भांडे पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवावे, म्हणजे पाणी सांडत नाही व त्यात विष्ठा पडत नाही. दाटी टाळावी. पावसाळ्यात ही दक्षता दुप्पट घ्यावी.

रोग दिसताच पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. आजारी पिल्लू खाणे सोडते, पण पाणी पिते. म्हणून औषध पाण्यातून द्यावयाचे. अँप्रोलियम हे औषध सामान्यतः 100 लिटर पाण्यात 12 ते 24 ग्रॅम या प्रमाणात 3 ते 5 दिवस देतात. हे प्रमाण मूळ औषधाचे आहे. भुकटीत ते किती आहे हे वेष्टनावर पाहावे. हे औषध ‘ब-1’ जीवनसत्त्वाची जागा घेऊन परजीवीची उपासमार करते; म्हणून त्या काळात हे जीवनसत्त्व वेगळे देऊ नये. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांनाही औषध द्यावे, कारण तीही बहुधा बाधित असतात.

औषधाने हगवण थांबेल; परंतु गादी ओलीच राहिली, तर पुढच्या तुकडीत ती पुन्हा उद्भवेल.