रुग्णालयाची शिस्त आणि रुग्णाची रीत

आदिवासी भागातील रुग्ण रुग्णालयात येतो, तेव्हा त्याच्यासमवेत त्याची बोली, त्याचे दैवत, त्याचे आप्त आणि आजाराविषयीच्या त्याच्या समजुतीही येतात. त्या जाणून घेऊन उपचार करणे हे डॉक्टरच्या स्वभावावर जितके अवलंबून असते, तितकेच तो जेथे काम करतो त्या रुग्णालयाच्या वळणावरही असते.

नवा डॉक्टर कसा घडतो

एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद या विषयांच्या शिक्षणाचा समावेश झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि तरुण डॉक्टर प्रत्यक्ष रुग्णालयात वरिष्ठांचे पाहून शिकतो. बाह्यरुग्ण विभागात दारापर्यंत रांग असते. वरिष्ठच रुग्णाला अरेतुरे करीत असतील, "आधी मांत्रिकाकडे गेला होतास ना?" असे दरडावत असतील, तर तीच रीत नवागताच्या अंगवळणी पडते. रुग्ण मग पुढच्या खेपेस काहीच सांगत नाही. पोटात गेलेली मुळी आणि वाया गेलेले दिवस डॉक्टरला कळतच नाहीत, व निदान चुकण्याचा धोका वाढतो.

गडचिरोलीचा अनुभव

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील आदिवासींना रुग्णालयाची भीती का वाटते, हे त्यांनाच विचारले. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो; डॉक्टर व परिचारिका पांढऱ्या कपड्यांत असतात आणि आम्ही मृताला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळतो; नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत; तेथे आमचा देव नाही, अशी उत्तरे मिळाली. यांतील एकही तक्रार डॉक्टरच्या ज्ञानाविषयी नाही. त्यानुसार शोधग्राम येथे आदिवासी गावासारख्या लहान लहान घरांचे रुग्णालय उभारले गेले. आप्तांना रुग्णासोबत राहण्याची सोय झाली आणि रुग्णालयास दंतेश्वरी मातेचे नाव देण्यात आले.

रुग्ण मोकळेपणाने बोलू न शकल्यास काय घडते, याचा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची झाली होती. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

काय करता येईल

सर्वच रुग्णालये नव्याने बांधता येणार नाहीत. पण वळण बदलता येईल. स्थानिक बोली जाणणारा कर्मचारी बाह्यरुग्ण विभागात बसवावा. स्त्रियांच्या तपासणीसाठी आडोसा असावा. गंभीर रुग्णाजवळ एका आप्ताला थांबू द्यावे. वरिष्ठांनी आठवड्यातून एकदा तरी, रुग्ण उपचार अर्धवट टाकून का गेले, याची कनिष्ठांसमवेत चर्चा करावी. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ नंतर रुग्ण कल्याण समित्यांची व्यवस्था केली. त्यांतील पंचायत सदस्यांनी औषधे व इमारत यांबरोबरच, आपल्या गावच्या माणसाला तेथे कसे वागविले जाते, हेही बैठकीत विचारले पाहिजे. शिक्षकांनी गावकऱ्यांच्या अडचणी लिहून समितीपुढे ठेवल्यास त्या कामी मोठे साह्य होईल.