वाडी आडवी, तरी गणपती आलाच

प्रश्न : ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात केळशीतली आमची नारळी-पोफळीची वाडी झोपली. कोरोनामुळे मुंबईचे दीर-जाऊ येणार नाहीत. २२ ऑगस्टला गणपती. मोदकांना नारळही विकत आणायचा. ‘जीव वाचला, देवाचे आभार मान’ असं सगळे सांगतात. मला जमत नाही.

उत्तर : ताई, नका मानू. लादलेली कृतज्ञता दुःखावर झाकण ठेवते. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तेवढी वर्षं गेल्याचं दुःख आहे हे. आरतीआधी घरच्यांसमोर ते बोला, रडू आलं तर येऊ द्या.

मग एकच करा. वादळानंतर वाटेवरचं झाड कोणी तोडलं, वीज नसताना कंदील कोणी दिला, ते आठवा. ‘सगळ्यांचे उपकार’ असं मोघम नको, नाव हवं. त्या घरी मोदक स्वतः नेऊन द्या, तोंडाला मास्क लावून. नारळ विकतचा असला तरी चालेल.

गौरीचा तेरडा यंदाही उगवलाच असेल. मुलांना आणायला पाठवा.

झोप मात्र आठवडे उडाली असेल, तर सण संपायची वाट न बघता दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना भेटा.