‘तुमच्यात’ नको, ‘तुमच्या घरी’

परवा रात्री पोळ्या वाढत होते. एफवायला असलेली लेक म्हणाली, “आई, आपण एकादशीला खिचडी खातो. माझी मैत्रीण रोजा असला की दिवसभर पाणीही पीत नाही. मग आपला उपास खरा का गं?” बाबा म्हणाले, “जेवताना हे विषय नकोत.” मीही मान डोलावली. ती नुसतीच आमटीभात चिवडत बसली.

आपलं सगळ्यांचं असंच होतं ना? दिवसभराच्या कामाने दमलेलो असतो. त्यात धास्ती, की पोर कॉलेजात काही बोलली आणि वाकडं झालं तर? म्हणून विषय मिटवतो. प्रश्न मात्र तिच्या मनात राहतो आणि उत्तरं मोबाइलवरच्या फॉरवर्डमधून येतात.

मला राहवेना. तिच्या खोलीत जाऊन बसले. “मैत्रिणीला काय विचारलंस?”

“तुमच्यात पाणीपण चालत नाही का, असं.”

‘तुमच्यात’ हा शब्द माझाच. शेजारणींना मी असंच विचारत आले. त्या एका शब्दाने समोरच्या पोरीला अख्ख्या समाजाच्या वतीने उत्तर द्यावं लागतं.

आपल्याच गौरी बघा. माझ्या माहेरी खड्यांच्या, सासरी मुखवट्यांच्या. कोकणात काही घरी गौरीला मटणाचा नैवेद्य असतो. ‘हिंदूंत काय करतात?’ असं कुणी विचारलं तर मी काय सांगू? लेकीला म्हटलं, “तुमच्या घरी कसं असतं, तुला काय वाटतं, असं विचारून बघ.” आणि उपासाचं खरं तेच सांगितलं: सासूबाई धरायच्या म्हणून मी धरते, कधी विचारच केला नाही. ती जवळ सरकली.

आणि वाकडं होण्याची धास्ती? संत एकनाथांचं ‘हिंदू-तुर्क संवाद’ भारूड सोळाव्या शतकातलं. दोघं एकमेकांच्या धर्माची उणीदुणी काढतात, भांडतात आणि शेवटी गळाभेट घेतात. आपण मुलांना भांडणापर्यंतही जाऊ देत नाही.

काल ती मैत्रिणीचं उत्तर घेऊन आली. मैत्रिणीच्या आजीला मधुमेह आहे, म्हणून आजी रोजे धरत नाही, त्याऐवजी गरिबाला जेवू घालते. बाबांचा घास हातातच राहिला. “आणि प्रवासात असलं तर?” त्यांनी विचारलं. लेक उद्या विचारून येणार आहे.

तुमच्या ताटाशीही असा प्रश्न येईल. त्या दिवशी पाच मिनिटं जास्त बसा.