स्विच बदलण्याआधी नमुना तपासा

थान उचलण्याआधी आपण तुकडा धुऊन रंग आणि आटणे पाहतो. दुकान, गोदाम आणि बिलिंग एकाच सर्व्हरवर आणलेल्या व्यापारी बंधूंनी स्विचचीही अशीच परीक्षा घ्यावी, असे आम्हांस वाटते. ऐन ईदच्या खरेदीत व्हीलॅनची एक ओळ चुकली तर सगळे काऊंटर ठप्प होतात.

सिस्कोचा नेक्सस 9000व्ही म्हणजे नेक्सस 9000 स्विचची प्रणाली, यंत्राशिवाय, फाईलच्या रूपात. जीएनएस3 हे मोफत सॉफ्टवेअर ती चालवते; फाईल मात्र सिस्कोकडूनच रीतसर घ्यावी. एका स्विचला 8 ते 12 जीबी रॅम लागते, तेव्हा जोडीसाठी 32 जीबीचा संगणक हवा. पहिल्यांदा सुरू होताच 'बूट एनएक्सओएस' या हुकुमाने फाईलचे नाव नोंदवून सेव्ह करावे. नाहीतर पुढच्या वेळी स्विच 'लोडर'वर अडकतो आणि नवखा तंत्रज्ञ फाईलच खराब म्हणून मोकळा होतो!

व्हीलॅन, व्हीपीसी, बीजीपी यांची मांडणी इथे नीट तपासता येते. वेगाचा अंदाज मात्र यावरून बांधू नये, कारण आत स्विचची खरी चिप नसते. ती परीक्षा बाजार बंद झाल्यावर खऱ्या स्विचवरच घ्यावी, आणि बदल मागे घेण्याचे हुकूम तंत्रज्ञाकडून आधीच लिहून घ्यावेत.