पिस्तुलाचा नेम व मनाचा संयम

लक्ष्यवेध म्हटला कीं आपल्याकडील प्रत्येक मुलाला अर्जुनाची आठवण होते. गुरूंनीं झाडावरील पक्षी दाखवून काय दिसतें असें विचारलें, तेव्हां अर्जुनाला पक्ष्याच्या डोळ्यावांचून दुसरें कांहींच दिसेना, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु चांदमारीच्या मैदानावर पिस्तूल हातीं घेतलेला एखादा विद्यार्थी अर्जुनाचें तंतोतंत अनुकरण करूं लागला, तर त्याचे गुण वाढण्याऐवजीं घटतील. असें कां व्हावें, हें समजून घेतलें म्हणजे नेमबाजीचें अर्धें शास्त्र समजलें.

या विद्येचा आरंभ बहुधा हवेच्या पिस्तुलानें होतो. 2024 सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत मनु भाकर यांनीं याच प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. स्पर्धक लक्ष्यापासून 10 मीटरांवर उभा राहतो व कसलाही आधार न घेतां एकाच हातानें नेम धरतो. 75 मिनिटांत त्यास 60 बार काढावयाचे असतात. छऱ्याचा व्यास 4.5 मिलिमीटर असतो. दहा गुणांचें सर्वांत आंतील वर्तुळ केवळ 11.5 मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढें असतें. त्याच्या बाहेर प्रत्येक 8 मिलिमीटरांस एक गुण कमी होत जातो.

पिस्तुलावर नेमाच्या दोन खुणा असतात. नळीच्या टोकाशीं असते ती माशी, व डोळ्याच्या बाजूस असते ती चौकोनी खाच. माशी खाचेच्या बरोबर मध्यें दिसावी, तिच्या दोहों बाजूंस सारखाच प्रकाश असावा, व तिचा माथा खाचेच्या कांठाशीं समपातळींत यावा. आतां भूमितीच्या वर्गांत शिकलेला समरूप त्रिकोणांचा नियम आठवा. समजा, माशी व खाच यांमधील अंतर 300 मिलिमीटर आहे. सबंध पिस्तूल दिशा न बदलतां 1 मिलिमीटर उजवीकडे सरकलें, तर छर्राही 1 मिलिमीटरच उजवीकडे लागेल; मधोमध धरलेल्या नेमाचे दहा गुण कायम राहतील. परंतु माशी खाचेच्या मध्यापासून 1 मिलिमीटर ढळली, तर पिस्तुलाची दिशाच बदलते. 300 मिलिमीटरांत 1 मिलिमीटर चूक, तर 10,000 मिलिमीटरांत सुमारें 33 मिलिमीटर! दहाऐवजीं सहाच गुण पदरीं पडतील.

मनुष्याचा डोळा एका वेळीं एकाच अंतरावरील वस्तु स्पष्ट पाहूं शकतो. माशी हाताच्या अंतरावर आणि लक्ष्य 10 मीटर दूर. दोन्ही एकदम स्पष्ट दिसणें शक्य नाहीं. म्हणून माशी स्पष्ट पाहावी व लक्ष्य धूसर दिसूं द्यावें. अर्जुनाची एकाग्रता सोडावयाची नाहीं. ती पक्ष्यावरून काढून माशीवर आणावयाची, एवढेंच.

दुसरें अर्धें शास्त्र बोटांत आहे. हातांतील पिस्तूल पूर्णपणें स्थिर कधींच राहत नाहीं. नाडीच्या ठोक्यानें, श्वासानें व स्नायूंच्या श्रमानें तें किंचित् हालतच असतें. नवशिक्यास हें हालणें सहन होत नाहीं. माशी मधोमध आलेली दिसतांच तो घाईनें चाप ओढतो आणि त्या हिसक्यानेंच माशी ढळते. अनुभवी नेमबाज हाताचें थोडें हालणें मान्य करतो. तो बोटाचा दाब सरळ मागें, हळूहळू वाढवीत नेतो. बार नेमका कोणत्या क्षणीं निघेल, याची वाट तो पाहत नाहीं. हात हालला तर गुण थोडा जातो. मन हाललें तर पुष्कळ जातो.

हें कौशल्य हाताच्या बळाचें नव्हे, याची साक्ष हंगेरी देशाच्या कारोय ताकाच या सैनिकाच्या चरित्रांत मिळते. ताकाच हा उजव्या हाताचा निष्णात पिस्तुलबाज होता. 1938 सालीं लष्करी शिक्षणाच्या वेळीं एक सदोष हातबाँब फुटला आणि त्याचा तोच हात कायमचा निकामी झाला. त्यानें निमूटपणें डाव्या हातानें सराव आरंभिला, व 1939 सालीं आपल्या देशाचें अजिंक्यपद मिळविलें. पुढें 1948 सालीं लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत 25 मीटरांवरील शीघ्र पिस्तुलाच्या प्रकारांत त्यानें 600 पैकीं 580 गुण मिळवून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकलें. 1952 सालीं हेलसिंकी येथें 579 गुणांनीं तें राखलें. त्याची विद्या उजव्या हातांत असती, तर ती हाताबरोबरच गेली असती.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनींही हाच धडा दाखविला आहे. 2018 च्या आशियाई सामन्यांत 25 मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरींत त्यांचे व थायलंडच्या स्पर्धक युवतीचे गुण समान झाले. निर्णयासाठीं घेतलेली जादा फेरीही बरोबरींत सुटली. दुसऱ्या जादा फेरींत राहींनीं बाजी मारली, आणि आशियाई सामन्यांत नेमबाजीचें सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

सराव कसा करावा, तेंही थोडक्यांत सांगतों. उभें राहतांना पाय खांद्यांइतक्या अंतरावर ठेवावे. डोळे मिटून हात उचलावा व मग डोळे उघडावे. पिस्तूल लक्ष्याच्या एका बाजूस वळलेलें दिसलें, तर मनगट न वळवितां मागचा पाय थोडा सरकवावा. श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबवावा. आठदहा सेकंदांत बार निघाला नाहीं, तर हट्ट न धरतां पिस्तूल खालीं घ्यावें. कारण श्वास कोंडला कीं दृष्टि मंदावते व हात अधिकच कांपूं लागतो. पुष्कळसा सराव छर्रा न घालतां, कोऱ्या भिंतीकडे नळी करून करावा. तेथें लक्ष्याचा मोह नसतो, त्यामुळें चाप ओढतांना माशी हालली कीं नाहीं, हें स्वच्छ दिसतें. जवळ एक वही ठेवावी. बार निघतांच, लक्ष्य पाहण्यापूर्वीं, तो कोठें लागला असावा हें तींत लिहावें व नंतर पडताळून पाहावें. अशी वही खोटें बोलूं देत नाहीं.

कित्येक पालकांस वाटेल, मुलांच्या हातीं हत्यार द्यावेंच कशाला? ही शंका योग्य आहे, आणि तिचें उत्तर मैदानाच्या नियमांत आहे. हें शिक्षण केवळ मैदानावर व शिक्षकाच्या देखरेखीखालीं घ्यावयाचें असतें. घरचा बिनछऱ्याचा सरावही शिक्षकाच्या अनुमतीवांचून व वडील माणसांच्या समक्षतेवांचून करूं नये. प्रत्येक पिस्तूल भरलेलें आहे असेंच मानावें. नळी सदैव सुरक्षित दिशेस, लक्ष्याकडेच असावी. नेम धरीपर्यंत बोट चापावर नेऊं नये. थांबण्याचा हुकूम होतांच त्याच क्षणीं थांबावें, पिस्तूल रिकामें करून खालीं ठेवावें, व कोणी लक्ष्याकडे गेलें असतां त्यास हात लावूं नये. येथें बार काढण्याच्या आधीं तो न काढण्याचें शिक्षण मिळतें. हातांत सामर्थ्य असूनहि मन तयार नाहीं म्हणून जो मुलगा पिस्तूल खालीं घेऊं शकतो, तो रागाच्या भरांत तोंडाशीं आलेला शब्दहि मागें घेऊं शकेल.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत पापासाठीं 'हामार्तिया' हा शब्द आला आहे. ज्या क्रियापदावरून तो बनला, त्याचा जुना अर्थ 'नेम चुकणें' असा आहे. नेम चुकला असतां शहाणा विद्यार्थी वाऱ्याला किंवा हत्याराला दोष देत नाहीं, आणि निराश होऊन मैदानहि सोडीत नाहीं. कोठें चुकलें तें तो प्रामाणिकपणें वहींत लिहितो, श्वास घेतो, व पुन्हां हात उचलतो. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं थोड्यांच्याच हातीं पिस्तूल येईल. परंतु अशी वही प्रत्येकास ठेवितां येईल.