खरेदीखत आणि नळाचे पाणी

माझ्या मायबोलीत, म्हणजे कोंकणीत, विहिरीला 'बांय' म्हणतात. आमच्या घरची बांय परसातच होती. ज्याचे घर त्याचे पाणी, अर्ज कोणाकडे करावा लागत नसे. बडोद्यात घर विकत घेतले तेव्हा मला निराळाच धडा मिळाला. खरेदीखताने भिंती व छप्पर आपले होतात. वीज, पाणी व गॅस यांच्या जोडण्या मात्र अर्ज करीपर्यंत जुन्याच मालकाच्या नावे राहतात.

महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत आजव्याचा तलाव बांधला गेला आणि १८९२ पासून त्याचे पाणी, केवळ भूमीच्या उताराने, नळांवाटे शहरात येऊ लागले. तेव्हापासून पाणी घराचे न राहता नगराचे झाले. आज तो कारभार महानगरपालिकेकडे आहे आणि विजेचा मध्य गुजरात वीज कंपनीकडे. नावबदलाचा अर्ज दोन्हीकडे निरनिराळा करावा लागतो.

खरी मेख थकबाकीत आहे. वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असल्यास, नव्या मालकाला जोडणी देण्यापूर्वी जुन्याची थकबाकी त्याच्याकडे मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी दिला. यास्तव सौद्याची शेवटची रक्कम हाती देण्यापूर्वी बिलांच्या पावत्या पाहाव्यात व मीटरवरील आकडा उभयतांच्या समक्ष लिहून त्याखाली सह्या घ्याव्यात.

मी तो आकडा लिहून घेतला नव्हता. चार महिन्यांचे जुने बिल मुकाट्याने भरले. विकणारे गृहस्थ तोवर परगावी गेले होते.