यंत्र बोलते, जबाब कोणी द्यावा?

सज्जनहो, घरात काही विपरीत घडले की पहिला प्रश्न निघतो, "चूक कोणाची?" बाप आईकडे बोट दाखवितो, आई शेजारच्या पोराकडे. आता या रांगेत एक नवा मानकरी येऊन बसला आहे. "मोबाईलने पोर बिघडविले," असे म्हटले की बाकीचे सगळे सुटले! हे सुटणे खरे का, याचा या पाठात विचार करू.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाने आपल्या हाताने जीवन संपविले. आधी कित्येक महिने तो कृत्रिम बुद्धीच्या एका बोलक्या यंत्राशी गप्पा मारीत असे. दूरचित्रवाणी मालिकेतल्या पात्राचे सोंग घेऊन बोलणारे ते यंत्र. ऑक्टोबर २०२४ मध्ये आईने ते चालविणाऱ्या कंपनीवर दावा लावला. लोक म्हणाले, "आईबाप काय झोपले होते?" पण आईच्या सांगण्याप्रमाणे घरच्यांना मुलात फरक दिसला होता, त्याला मानसतज्ज्ञाकडे नेले होते, फोनही काढून घेतला होता. कंपनीचे म्हणणे, यंत्राचे शब्द हे भाषण आहे आणि भाषणाला घटनेचे संरक्षण आहे. या टप्प्यावर तसे मानावयास आपण तयार नाही, असे सांगून मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी दावा पुढे चालू दिला. जानेवारी २०२६ मध्ये तडजोड ठरल्याचे न्यायालयास कळविण्यात आले. म्हणजे दोष कोणाचा, याचा निवाडा झालाच नाही.

मग आपण कसे पाहावे? गीतेच्या १८ व्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. तेथला विषय खोल आहे. आम्हांस येथे एवढेच घ्यावयाचे की कोणतेही कर्म एका कारणाने घडत नाही. यंत्र हे साधन. अफाट मजकुरावरून शिकून ते शब्दापुढे शब्द मांडते. जिव्हाळ्याचे शब्द बोलते, पण त्याला जिव्हाळा नाही. पोर रडले तरी त्याचे आतडे तुटत नाही. म्हणून जबाब त्याच्यापाशी मागून भागत नाही. ते घडविणारे व विकणारे कर्ते आहेत. त्याच कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या मोकळ्या गप्पा बंद केल्या. हे आधी का झाले नाही, असे विचारण्याचा आईला हक्क आहे.

शंका: मग घराची जबाबदारी नाही काय?

समाधान: आहे तर! पण जबाबदारी वेगळी, दोष वेगळा. दिंडीत लेकरू चुकले तर शहाणी माणसे आधी शोधावयास धावतात, "हात कोणी सोडला?" हे भांडण मागे राहते. दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे पाहते.

शंका: आम्ही अडाणी, मोबाईलमधले आम्हांस काय कळते?

समाधान: यंत्र नाही कळले तरी चालेल, पोर कळले पाहिजे. ते जेवताना गप्प का, रात्री जागते का, मित्र का तुटले, हे ओळखावयास इंग्रजी लागत नाही.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. रात्री घरातले सगळे फोन एका जागी ठेवा, थोरांचेही. "आज कोणाशी बोललास?" हे रागे न भरता विचारा. दरडावून विचारले तर पोर यंत्राकडेच वळणार, कारण यंत्र रागावत नाही. "जगावेसे वाटत नाही," असे मूल म्हणाले तर थट्टा करू नका, एकटे सोडू नका, डॉक्टरकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. आणि ज्या घरी असा घाला पडला, तेथे गेलात तर "तुमचे लक्ष कोठे होते?" हा प्रश्न जिभेवर आणू नका. ती माउली तो प्रश्न स्वतःला रोजच विचारीत असते. तिच्याजवळ नुसते बसा. यंत्राला जे जमत नाही, ते हेच आहे.

रामकृष्णहरि.